बिनतारी जाळ्यातील प्रक्षेपकांची स्थाननिश्चिती

प्रक्षेपकांची स्थाननिश्चिती ही बिनतारी दळणवळणाचे जाळे आखताना सोडवावी लागणारी गणितीय समस्या आहे. उपलब्ध जागांपैकी कोणत्या जागी प्रक्षेपक बसवावेत, त्यांच्या अँटेनांची दिशा व शक्ती किती ठेवावी आणि कोणत्या भागाला कोणत्या प्रक्षेपकाकडून सेवा द्यावी, हे ठरवणे हा तिचा विषय होय. दिलेल्या अटी पाळून खर्च किमान किंवा लाभ कमाल करणारा पर्याय शोधण्याच्या गणितशाखेला इष्टतमीकरण म्हणतात. मोबाईल दूरध्वनी, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, पोलिसांची बिनतारी यंत्रणा आणि ग्रामीण इंटरनेट या सर्वांच्या आखणीत या शाखेचा उपयोग होतो.

या लेखात समस्येचे स्वरूप मुंबईतील माहीम या भागाच्या आधारे स्पष्ट केले आहे. समुद्र, खाडी, लोहमार्ग, दाट वस्ती आणि भुयारी मेट्रो हे सर्व घटक येथे थोड्या अंतरात एकत्र आढळतात.

## पार्श्वभूमी

प्रसारणाच्या आरंभीच्या काळात एका शहराला एक प्रक्षेपक पुरत असे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, तेव्हा त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती १.५ किलोवॉट होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपणही वरळीतील एकाच मनोऱ्यावरून होई. अशा सेवेत सर्व श्रोत्यांना किंवा प्रेक्षकांना एकच कार्यक्रम पोहोचवायचा असल्यामुळे प्रक्षेपक जितका उंच व शक्तिशाली तितका तो उपयुक्त ठरे.

मोबाईल दूरध्वनीत परिस्थिती वेगळी असते. येथे प्रत्येक ग्राहकाचे संभाषण स्वतंत्र असते आणि उपलब्ध वारंवारता मोजक्या असतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ साली यावर एक कल्पना मांडली गेली. परिसराचे लहान लहान कक्ष पाडावेत, प्रत्येक कक्षात कमी शक्तीचा प्रक्षेपक ठेवावा आणि दूरच्या कक्षांत त्याच वारंवारता पुन्हा वापराव्यात, असे तिचे स्वरूप होते. मुंबईत मोबाईल सेवा १९९५ साली सुरू झाली. ग्राहक वाढत गेले तसे कक्ष लहान होत गेले व प्रक्षेपकांची संख्या वाढली. त्याबरोबर ‘प्रक्षेपक किती उंच असावा’ या प्रश्नाची जागा ‘अनेक प्रक्षेपक कोठे कोठे असावेत’ या प्रश्नाने घेतली.

## माहीमचा परिसर

माहीमच्या पश्चिमेला माहीमचा उपसागर आहे. उत्तरेला मिठी नदी माहीमच्या खाडीतून समुद्राला मिळते. पूर्वेला लोहमार्ग व त्यापलीकडे धारावी, तर दक्षिणेला शिवाजी पार्क व माटुंग्याचा भाग आहे. लेडी जमशेटजी मार्ग, स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग आणि सेनापती बापट मार्ग हे येथील प्रमुख उत्तर-दक्षिण रस्ते आहेत. त्यांच्या आधाराने चाळी, जुन्या भाडेकरूंच्या इमारती, पुनर्विकासातून उभे राहिलेले मनोरे, कोळी वस्ती, बाजार व प्रार्थनास्थळे दाटीने वसलेली आहेत.

आखणीच्या दृष्टीने या भूगोलाचे तीन परिणाम होतात. पहिला, पाण्यावर प्रक्षेपक उभारता येत नाही, त्यामुळे किनाऱ्यालगतच्या वस्तीला सेवा प्रामुख्याने जमिनीच्या बाजूने द्यावी लागते. दुसरा, मोकळ्या पाण्यावरून लहरी फारशा अडथळ्याविना जातात. परिणामी उपसागराच्या पलीकडच्या वांद्रे किंवा वरळीच्या बाजूचा संदेश माहीमच्या किनाऱ्यावर अनाहूतपणे पोहोचू शकतो. तिसरा, दाट वस्तीत स्वतंत्र मनोऱ्यासाठी जमीन मिळणे कठीण असते, म्हणून अँटेना प्रामुख्याने इमारतींच्या गच्चीवर बसवाव्या लागतात. गच्ची मिळणे हे इमारतीची मजबुती, मालकाची किंवा गृहनिर्माण संस्थेची संमती, भाडे आणि वीजपुरवठा यांवर अवलंबून असते.

अशा मिळू शकणाऱ्या गच्च्यांच्या यादीला संभाव्य जागांचा संच म्हणतात. गणित या यादीतूनच निवड करते. यादीत नसलेली जागा ते सुचवू शकत नाही.

## लहरींच्या क्षीणनाचा अंदाज

कोणत्या गच्चीवरून कोणत्या ठिकाणी पुरेसा संदेश पोहोचेल, हे आधी ठरवावे लागते. अंतर वाढले की संदेश क्षीण होतो. हे क्षीणन डेसिबल या एककात मोजतात. दर १० डेसिबलला शक्ती एक दशांश होते.

मोकळ्या अवकाशात ९०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींचे १ किलोमीटर अंतरावरील क्षीणन सुमारे ९१.५ डेसिबल येते. शहरासाठी जपानी अभियंता मासाहारू हाटा यांनी १९८० साली योशिहिसा ओकुमुरा यांच्या मोजमापांवरून एक सूत्र तयार केले. प्रक्षेपकाची अँटेना ३० मीटर व फोन १.५ मीटर उंचीवर धरल्यास या सूत्रानुसार मोठ्या शहरात तेवढ्याच अंतरावर सुमारे १२६ डेसिबल क्षीणन होते. हा फरक सुमारे ३५ डेसिबलचा आहे, म्हणजे शहरात पोहोचणारी शक्ती मोकळ्या अवकाशातील शक्तीच्या सुमारे तीन हजाराव्या भागाइतकी असते. अंतर दुप्पट केल्यास मोकळ्या अवकाशात शक्ती एक चतुर्थांश होते. वरील शहरी सूत्रानुसार ती अकराव्या भागाहूनही कमी होते.

हाटा यांचे सूत्र १ ते २० किलोमीटर अंतरासाठी आहे. माहीमसारख्या भागात मात्र कक्षांचा विस्तार काही शे मीटरच असतो. तेथे वाल्फिश–इकेगामी प्रतिमानासारखी सूत्रे अधिक योग्य ठरतात. या प्रतिमानात २० मीटरपासून ५ किलोमीटरपर्यंतची अंतरे हाताळता येतात. इमारतींची उंची, त्यांमधील अंतर, रस्त्याची रुंदी व दिशा या गोष्टी त्यात विचारात घेतल्या जातात. याहून अचूक अंदाजासाठी इमारतींचा त्रिमितीय नकाशा वापरून प्रत्येक किरणाचे परावर्तन व विवर्तन संगणकावर मोजतात. चार मजली चाळीच्या जागी चाळीस मजली मनोरा उभा राहिला की हा नकाशा जुना होतो आणि त्यावर आधारलेले उत्तरही पुन्हा तपासावे लागते.

## गणितीय मांडणी

समस्येचे सर्वांत साधे रूप संच-आच्छादन या नावाने ओळखले जाते. प्रत्येक संभाव्य जागेसाठी एक चल घेतात. जागा निवडली तर त्याची किंमत १, न निवडली तर ० असते. सेवा द्यावयाच्या प्रत्येक ठिकाणासाठी एक अट लिहितात: तेथे संदेश पोहोचवू शकणाऱ्या जागांपैकी किमान एक निवडलेली असली पाहिजे. सर्व चलांची बेरीज, किंवा जागांचा खर्च वेगवेगळा असल्यास खर्चाची बेरीज, किमान करणे हे उद्दिष्ट असते.

### उदाहरण

पुढील उदाहरणातील ठिकाणे माहीममधील आहेत. क, ख, ग, घ आणि च या गच्च्या व त्यांची व्याप्ती मात्र केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिली आहे.

- क: रेल्वे स्थानक, शीतलादेवी मंदिर, हिंदुजा रुग्णालय
- ख: दर्गा, सेंट मायकल चर्च, किल्ल्यालगतची वस्ती
- ग: शीतलादेवी मंदिर, हिंदुजा रुग्णालय, दर्गा, सेंट मायकल चर्च
- घ: रेल्वे स्थानक, सेंट मायकल चर्च
- च: दर्गा, किल्ल्यालगतची वस्ती

यावरून सहा अटी मिळतात:

- रेल्वे स्थानक: क + घ ≥ १
- शीतलादेवी मंदिर: क + ग ≥ १
- हिंदुजा रुग्णालय: क + ग ≥ १
- दर्गा: ख + ग + च ≥ १
- सेंट मायकल चर्च: ख + ग + घ ≥ १
- किल्ल्यालगतची वस्ती: ख + च ≥ १

क + ख + ग + घ + च ही बेरीज किमान करायची आहे.

सहज सुचणारी रीत अशी की, प्रत्येक वेळी सर्वाधिक नवी ठिकाणे व्यापणारी जागा निवडावी. हिला लोभी रीत म्हणतात. या रीतीने प्रथम चार ठिकाणे व्यापणारी ‘ग’ निवडली जाते. त्यानंतर रेल्वे स्थानक व किल्ल्यालगतची वस्ती उरते. या दोहोंना एकत्र व्यापणारी जागा नसल्यामुळे आणखी दोन जागा लागतात व एकूण संख्या तीन होते. प्रत्यक्षात ‘क’ आणि ‘ख’ या दोनच जागांनी सहाही अटी पूर्ण होतात. पहिली निवड एकटी पाहता सर्वोत्तम असली, तरी तिच्यामुळे संपूर्ण आखणी महाग झाली.

## उत्तर शोधण्याच्या पद्धती

पाच जागांमधून निवड करताना ३२ पर्याय तपासले की पुरते. जागा १०० असतील तर पर्यायांची संख्या १ वर ३० शून्ये दिल्यावर मिळणाऱ्या संख्येहून मोठी होते. १९७२ साली रिचर्ड कार्प यांनी २१ समस्या एनपी-पूर्ण असल्याचे सिद्ध केले. संच-आच्छादन ही त्यांपैकी एक होय. अशा समस्यांची प्रत्येक वेळी झटपट व अचूक उकल करणारी रीत आजवर सापडलेली नाही.

व्यवहारात पुढील पद्धती वापरल्या जातात.

रेषीय नियोजन. चलांची किंमत ० किंवा १ असण्याऐवजी ० ते १ मधील कोणतीही संख्या चालेल असे क्षणभर मानले, तर समस्या सोपी होते. अशा समस्यांसाठी जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली सिंप्लेक्स रीत शोधली. १९८४ साली बेल प्रयोगशाळेत काम करणारे नरेंद्र करमरकर यांनी एक वेगळी रीत मांडली. ती शक्य उत्तरांच्या प्रदेशाच्या कडांवरून न जाता त्याच्या अंतर्भागातून मार्ग काढते. करमरकर हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर असून त्यांनी डॉक्टरेटचे संशोधन कार्प यांच्याच मार्गदर्शनाखाली केले होते.

शाखा-बंधन रीत. आयल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या या रीतीत अपूर्णांकी किंमत आलेल्या चलाच्या दोन शाखा करतात. एकीत तो ० व दुसरीत १ धरतात. एखाद्या शाखेतील सर्वोत्तम शक्य उत्तरही हाती असलेल्या उत्तराहून चांगले नसेल, तर ती शाखा सोडून देतात. शोध मध्येच थांबवला तरी हाती आलेले उत्तर सर्वोत्तम उत्तरापासून जास्तीत जास्त किती दूर असू शकेल हे सांगता येते. नियोजकाच्या दृष्टीने हा या रीतीचा मोठा गुण आहे.

स्वानुभवी रीती. मोठ्या जाळ्यांसाठी लोभी रीत, स्थानिक सुधारणा, जनुकीय रीत इत्यादींचा अवलंब करतात. ठरावीक संख्येच्या प्रक्षेपकांनी अधिकाधिक ठिकाणे व्यापायची असल्यास लोभी रीत सर्वोत्तम व्याप्तीच्या किमान ६३ टक्के व्याप्ती देतेच, असे जॉर्ज नेमहाउसर, लॉरेन्स वोल्सी व मार्शल फिशर यांच्या १९७८ सालच्या निष्कर्षावरून दिसते.

## व्याप्ती आणि क्षमता

एखाद्या ठिकाणी संदेश पोहोचतो याचा अर्थ तेथील प्रत्येकाचा फोन लागेल असा होत नाही. एका प्रक्षेपकाला एका वेळी ठरावीक वाहतूकच हाताळता येते.

११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांमध्ये सात बॉम्बस्फोट झाले. त्यांपैकी एक माहीम येथे झाला. आपली माणसे सुखरूप आहेत का, हे जाणण्यासाठी शहरभर एकाच वेळी फोन केले गेले आणि मोबाईल जाळी ठप्प झाली. ज्या क्षणी सेवेची निकड सर्वाधिक असते, त्याच क्षणी मागणीही सर्वाधिक असते.

ही बाब मांडणीत आणण्यासाठी प्रत्येक ठिकाणाला मागणी व प्रत्येक प्रक्षेपकाला कमाल क्षमता जोडतात. वरील उदाहरणात रेल्वे स्थानकाची मागणी ५ एकके, इतर प्रत्येक ठिकाणाची १ एकक आणि प्रत्येक प्रक्षेपकाची क्षमता ६ एकके मानू. ‘क’ व ‘ख’ या दोनच जागा निवडल्यास ‘क’वर ७ एककांचा भार येतो. म्हणजे सर्वत्र संदेश असूनही काही फोन लागणार नाहीत. ‘ग’ची भर घातल्यास मंदिर व रुग्णालय यांचा भार तिच्याकडे जातो आणि अट पूर्ण होते. एकूण जागा तीन होतात. लोभी रीतीने निवडलेल्या जागाही तीनच होत्या; येथे मात्र तिसऱ्या जागेला कारण आहे.

## व्यतिकरण

एका प्रक्षेपकाचा उपयुक्त संदेश शेजारच्या कक्षात व्यत्यय ठरतो. यास व्यतिकरण म्हणतात. दुसऱ्या पिढीच्या जाळ्यांत शेजारच्या कक्षांना वेगवेगळ्या वारंवारता देऊन ते टाळले जाई. कोणत्या कक्षाला कोणती वारंवारता द्यावी, हा प्रश्न नकाशातील शेजारी प्रदेशांना वेगवेगळे रंग देण्याच्या प्रश्नासारखा आहे. चौथ्या व पाचव्या पिढीत सामान्यतः सर्व कक्ष एकच वारंवारता-पट्टा वापरतात. त्यामुळे अँटेनेचा खालच्या बाजूचा कल, तिची दिशा व शक्ती हेही निर्णयाचे चल बनतात.

या कारणाने प्रक्षेपक वाढवले की सेवा सुधारतेच असे नाही. माहीमच्या किनाऱ्यावर उपसागरापलीकडचे अनेक संदेश जवळपास सारख्या तीव्रतेने आले, तर फोनवर संदेशाच्या रेघा भरपूर दिसूनही संभाषण तुटू शकते. अशा वेळी नवा प्रक्षेपक उभारण्यापेक्षा समोरच्या किनाऱ्यावरील अँटेना काही अंश खाली झुकवणे अधिक उपयोगी पडते.

## प्रारणाची मर्यादा

मोबाईल प्रक्षेपकांच्या प्रारणासाठी भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ साली सुचवलेल्या मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू आहे. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ०.४५ वॉट, तर १८०० मेगाहर्ट्झसाठी ०.९ वॉट इतकी येते.

या अटीचा स्थाननिश्चितीवर थेट परिणाम होतो. अँटेनेतून मुख्य दिशेने १,००० वॉट इतकी परिणामी शक्ती बाहेर पडते असे मानल्यास, मोकळ्या अवकाशाच्या सूत्रानुसार ९०० मेगाहर्ट्झवर ०.४५ वॉटची मर्यादा सुमारे १३ मीटर अंतरावर गाठली जाते. दहापट सैल मर्यादेत हेच अंतर सुमारे ४ मीटर आले असते. ज्या गल्लीत समोरासमोरच्या इमारतींमधील अंतर १३ मीटरहून कमी आहे, तेथे अँटेनेच्या उंचीवर तिच्या समोर कोणाची खिडकी येत असेल, तर ती जागा वगळावी लागते, अँटेनेची दिशा बदलावी लागते किंवा शक्ती कमी करावी लागते. एकाच गच्चीवर अनेक कंपन्यांच्या अँटेना असल्यास सर्वांच्या प्रारणाची एकत्रित मोजणी करतात.

शक्ती कमी केली की कक्ष लहान होतो आणि तेवढ्याच परिसरासाठी अधिक प्रक्षेपक लागतात. दुसरीकडे, प्रक्षेपक दूर गेला की फोनला त्याच्याशी संपर्क ठेवण्यासाठी स्वतःची शक्ती वाढवावी लागते.

## भुयारी भाग

मुंबई मेट्रोची मार्गिका ३ माहीमच्या भूगर्भातून जाते. तिच्यावर शीतलादेवी हे भुयारी स्थानक असून ते २०२५ साली प्रवाशांसाठी खुले झाले. गच्चीवरील अँटेनेचा संदेश भुयारात पोहोचत नाही. त्यासाठी स्थानकात जागोजागी लहान अँटेना व बोगद्यात ठरावीक अंतराने लहरी बाहेर सोडणारी केबल वापरावी लागते. तेथेही अँटेनांच्या जागा ठरवण्याचे गणित तेच असते. संभाव्य जागा मात्र गच्च्यांऐवजी छत, खांब व भिंती या असतात.

## खंडित न होणारी सेवा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीला पूर आला, अनेक भागांतील वीज गेली आणि मोबाईल सेवा मोठ्या प्रमाणावर खंडित झाली. नेमके किमान प्रक्षेपक वापरणाऱ्या आखणीत एक प्रक्षेपक बंद पडला, की त्याच्यावर विसंबलेली सर्व ठिकाणे संपर्काबाहेर जातात.

यावर उपाय म्हणून अटींमधील १ च्या जागी २ लिहितात, म्हणजेच प्रत्येक ठिकाण किमान दोन प्रक्षेपकांच्या व्याप्तीत असावे असे ठरवतात. वरील उदाहरणात सर्व ठिकाणांसाठी ही अट घातल्यास पाचही जागा लागतात. ती केवळ रेल्वे स्थानक व रुग्णालयासाठी घातल्यास चार जागा पुरतात. दोन, चार आणि पाच ही तिन्ही उत्तरे आपापल्या अटींखाली इष्टतम आहेत. बॅटरी, जनित्राची जागा व पुराच्या पाण्याची पातळी यांचाही विचार जागा निवडताना करावा लागतो. दोन्ही प्रक्षेपकांचा वीजपुरवठा एकाच ठिकाणाहून होत असेल, तर दुहेरी व्याप्ती कागदावरच राहते.

## मर्यादा

खर्च ठरलेला असल्यास ‘सर्वांना व्यापा’ या उद्दिष्टाऐवजी ‘शक्य तितक्यांना व्यापा’ असे उद्दिष्ट घेतात. रिचर्ड चर्च व चार्ल्स रेव्हेल यांनी १९७४ साली मांडलेली ही समस्या अग्निशमन केंद्रे व रुग्णवाहिकांच्या जागा ठरवण्यासाठीही उपयोगी पडते. तिच्यात प्रत्येक ठिकाणाला भार द्यावा लागतो. वरील उदाहरणात एकच प्रक्षेपक शक्य असेल आणि सर्व ठिकाणे समान मानली, तर ‘ग’ निवडली जाते. रेल्वे स्थानक व किल्ल्यालगतची वस्ती वगळली जाते. स्थानकाला ५ एककांचा भार दिल्यास ‘क’ निवडली जाते. दर्गा, चर्च व किल्ल्यालगतची वस्ती वगळली जाते.

भार लोकसंख्येनुसार द्यावा, वाहतुकीनुसार द्यावा, मिळणाऱ्या उत्पन्नानुसार द्यावा की आपत्कालीन गरजेनुसार, हे गणित सांगत नाही. किल्ल्यालगतची वस्ती वरील दोन्ही उत्तरांत सेवेबाहेर राहिली. तिला सेवा मिळायची असेल तर तशी अट कोणीतरी लिहावी लागते. एकदा ती लिहिली की तिच्यासाठी किती खर्च वाढतो हे गणित नेमके दाखवते. म्हणून इष्टतम आखणी तपासताना उत्तराबरोबरच त्यामागील उद्दिष्ट, भार व अटी पाहणे आवश्यक ठरते.

## हेही पहा

- माहीम
- रेषीय नियोजन
- नरेंद्र करमरकर
- मोबाईल दूरध्वनी
- मिठी नदी